स्टर्नड्राइव्ह बोटीचं इंजिन पुन्हा पुन्हा तापतं: पाण्याच्या वाटेने शोध कसा घ्यायचा

नारळी पौर्णिमा झाली की माझा फोन वाजायला लागतो. मे महिन्यात ताडपत्रीखाली गेलेली बोट पाण्यात उतरते, मांडव्याहून गेटवेच्या दिशेने निघते आणि अर्ध्या वाटेवर अलार्म बोंबलतो. फोनवर वाक्य ठरलेलं: "मिस्त्री, इम्पेलर तर गेल्याच वर्षी टाकला होता!" इम्पेलर म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. टाकलेला असतो, ते खरंच. पण आधीच्या इम्पेलरची तुटलेली पाती कुठे गेली, हे कुणी बघितलेलं नसतं.

ही पोस्ट वीस-पंचवीस फुटी, पेट्रोल इंजिनाच्या जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटींसाठी आहे, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि प्रोपेलर फिरवणारा लेग मागे बाहेर, पाण्यात. मर्क्रुझरचं व्ही-सिक्स किंवा व्ही-एट, मागे अल्फा वन लेग, आणि इंजिन थंड करायला थेट समुद्राचं पाणी, म्हणजे रॉ वॉटर कूलिंग. आपल्याकडच्या सेकंडहँड बोटींत हा जोड बराच दिसतो. ब्राव्हो लेग आणि व्होल्वो पेंटावाल्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

लक्षणं

तापमानाचा काटा चढला एवढं सांगून भागत नाही. कधी चढला ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

- चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच काटा चढतो, एक्झॉस्टमधून पाण्याऐवजी वाफ येते, रबर जळल्याचा वास येतो. पाणी येतच नाहीये.
- आयडलला ठीक, पण बोट प्लेनवर आली (वेगात पाण्यावर उचलून धावायला लागली), ३००० आरपीएमच्या वर गेलं की चढतो आणि थ्रॉटल कमी केला की उतरतो. पाणी येतंय, पण पुरत नाही. वाट कुठेतरी अर्धवट तुंबलीय, नाहीतर इम्पेलर थकलाय.
- जेटीला लागताना, हळू चालताना चढतो आणि वेग घेतला की उतरतो. इम्पेलरची पाती झिजलेली किंवा वाकून बसलेली असणार. हळू फिरताना ती पाणी उचलत नाहीत.
- इंजिनाच्या एकाच बाजूचा एक्झॉस्ट एल्बो (धूर बाहेर नेणारा वळणाचा लोखंडी भाग) तापतो, त्याचा रंग करपतो. त्या बाजूची वाट बंद आहे.
- काटा एकदम टोकाला जातो, परत येतो, नाचतो. बहुतेक वेळा वायर.
- अलार्म वाजतो पण काटा जागेवर. इथे घाई करू नका, पुढे वाचा.

भर समुद्रात अलार्म वाजला तर

थ्रॉटल आयडलला आणा, न्यूट्रल करा, मागे वाकून एक्झॉस्टकडे बघा. पाणी येत नसेल तर लगेच बंद. येत असेल तर काटा आयडलला उतरतो का ते मिनिटभर बघा. मग इंजिन बंद करून लेग वर उचला आणि पाण्याच्या जाळीवर काही अडकलंय का पाहा. मुंबई बंदराच्या पाण्यात दहातल्या चार वेळा तिथे प्लास्टिकची पिशवी निघते, हा माझा अनुभव. हात पोचत नसेल तर लेग खाली घेऊन इंजिन चालू करा आणि दोन सेकंद रिव्हर्स मारा, पिशवी सुटून जाते. मोठ्या जहाजांच्या वाटेत असाल तर आधी नांगर किंवा ओढून न्यायला दुसरी बोट, नंतर दुरुस्ती. भरतीचा ओघ तुमच्यासाठी थांबत नाही.

तापलेल्या इंजिनावर बाहेरून बादलीने पाणी मारू नका. ओतीव लोखंडाला तडा जातो.

पाणी जातं कुठून

ही वाट डोक्यात बसली की बाकीची पोस्ट सोपी आहे. लेगच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना भोकं असतात, तिथून पाणी आत येतं. अल्फामध्ये पंप लेगच्या आतच, उभ्या शाफ्टवर बसलेला असतो. तो पाणी वर ढकलतो, ते ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या, भिंतीतून आतल्या रबरी पाइपात येतं. तिथून पॉवर स्टिअरिंगच्या ऑइल कूलरमधून थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेच्या) घरात. तिथे दोन वाटा होतात. काही पाणी बेल्टवर चालणारा सर्क्युलेटिंग पंप इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरवतो, उरलेलं दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागात) आणि एल्बोमध्ये जातं. एल्बोच्या तोंडाशी ते धुरात मिसळतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं.

म्हणजे पंप दोन आहेत. "वॉटर पंप बदलला" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठला? मोटार गॅरेजवाल्याने बदललेला पंप बहुधा इंजिनापुढचा असतो. बिघाड मात्र बहुतेक वेळा लेगमधल्या पंपात असतो.

१. काटा खोटं बोलतोय का

पैसे शून्य, वेळ पाच मिनिटं. काट्याचा सेंडर (इंजिनावर बसलेला, तापमान मोजणारा भाग) आणि अलार्मचा स्विच हे दोन वेगळे भाग आहेत. दोघं एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. फक्त काटा चढला असेल तर सेंडरची वायर काढा, काटा थंड बाजूला पडला पाहिजे. तीच वायर इंजिनाच्या धातूला टेकवली की काटा गरम टोकाला जातो. वायर काढूनही काटा वरच राहिला तर ती कुठेतरी घासून धातूला लागली आहे. इंजिन निर्दोष.

उलटा प्रकार जास्त वाईट. खाऱ्या हवेने सेंडरचं टोक गंजतं, काटा खालीच राहतो आणि इंजिन आत शिजत असतं. म्हणून लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन जवळ ठेवा. हजार-दोन हजारांत मिळते, आणि या पोस्टमधली अर्धी कामं तिच्यावर होतात.

आता अलार्म वाजतो आणि काटा जागेवर, ती गोष्ट. बऱ्याच बोटींत एकच बझर तीन कामांना लावलेला असतो: तापमान, इंजिन ऑइलचं प्रेशर आणि लेगच्या ऑइलची बाटली. एका शेठनी याच अलार्मसाठी थर्मोस्टॅट, इम्पेलर, सेंडर असं सगळं बदलून घेतलं होतं. मी गेलो, इंजिनाशेजारची गिअर ऑइलची छोटी बाटली बघितली, तळाला लागलेली. लेगचं सील गळत होतं. बाटली आणि डिपस्टिक आधी बघा, मग पाण्याच्या मागे लागा.

२. पाण्याची भोकं

बोट कायम पाण्यात उभी राहत असेल तर दोन-तीन आठवड्यांत बार्नॅकल (खडकांना चिकटतात तसले कवचाचे बारीक जीव) भोकांच्या आत घर करतात. बाहेरून लेग स्वच्छ दिसतो, कारण बाहेरून तुम्ही घासता. टॉर्च मारा आणि आत बघा. तारेच्या हुकाने किंवा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने खरवडा, पण खरवडलेला भुगा आत ढकलू नका, बाहेर ओढा. ढकललात तर तो पुढे कूलरमध्ये भेटेल.

बार्नॅकल येऊ नयेत म्हणून लेगला होडीचा तांब्याचा रंग मारणारे लोक मी पाहिलेत. लेग ॲल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ॲल्युमिनियमला चालणारा रंग वेगळा मिळतो, तोच वापरा.

आणि सवयीची गोष्ट: किहीम-नागावच्या किनाऱ्याला लागताना लेग अर्धा वर उचलून इंजिन चालू ठेवायचं, हे बंद करा. भोकं अर्धी हवेत, अर्धी रेतीत. पंप हवा आणि रेती खातो.

३. बेल्ट आणि पाइप

बेल्ट सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. जेमतेम अर्धा इंच दबला तर ठीक. सैल असेल किंवा त्यावर काळी चकाकी आली असेल तर तो घसरतो आणि सर्क्युलेटिंग पंप पुरेसा फिरत नाही. रबरी पाइप हाताने दाबून बघा. जुना पाइप बाहेरून ठीक असतो आणि आतून त्याचं अस्तर सुटून झडपेसारखं लोंबतं. दाबल्यावर मऊ कणकेसारखा लागला तर बदला.

इंजिनाचं झाकण उघडल्यावर आधी नाकाने वास घ्या. पेट्रोल इंजिन बंद खोलीत असतं, तिथे पेट्रोलची वाफ साचते. ती बाहेर काढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, किमान चार मिनिटं चालवल्याशिवाय चावी फिरवायची नाही, मग काम कितीही छोटं असो.

४. हात लावून बघायची परीक्षा

माझं बहुतेक निदान इथेच होतं. बोट रॅम्पवर ट्रेलरवर असेल तर लेगच्या भोकांवर फ्लशिंगचे (गोड्या पाण्याने इंजिन धुवायचे) मफ, म्हणजे पाइप जोडलेल्या रबरी वाट्या, लावा, पाणी सोडा, मग इंजिन चालू करा. प्रोपेलरजवळ कुणी उभं राहू नका, गिअर न्यूट्रल. मफवर १५०० आरपीएमच्या वर जायचं नाही. इंजिन गरम होऊ द्या आणि गन मारा: डावा एल्बो, उजवा एल्बो, थर्मोस्टॅटचं घर.

- दोन्ही एल्बो हात ठेवण्याइतके थंड, पण इंजिन तापलेलं: समुद्राचं पाणी व्यवस्थित येतंय, ब्लॉकमध्ये फिरत नाही. थर्मोस्टॅट, बेल्ट किंवा सर्क्युलेटिंग पंप.
- दोन्ही एल्बो तापलेले, इंजिनही तापलेलं: पाणी मुळातच कमी येतंय. भोकं, इम्पेलर, कूलर.
- एक थंड, एक तापलेला: तापलेल्या बाजूचा मॅनिफोल्ड किंवा एल्बो तुंबलाय.

या परीक्षेत एक फसवणूक आहे. नळाला जोर असेल तर तो स्वतःच पाणी वर ढकलतो, मेलेला इम्पेलर जिवंत वाटतो. "अंगणात एकदम थंड चालते, पाण्यात गेली की तापते," ही तक्रार आली की मी थेट लेग खोलायच्या तयारीने जातो. खात्री करायची असेल तर लेग मोठ्या टाकीत बुडवून चालवा. भोकांच्या वर हातभर पाणी पाहिजे.

याच्या उलट फसवणूक आपल्या बंगल्यांवर होते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, बारीक पाइप, शेवटी बागेचा नळ. इंजिनाला लागतं त्याच्या निम्मंही पाणी येत नाही. मालक मफ लावून आत चहा प्यायला जातात, तेवढ्यात टाकी संपते. इम्पेलरला वंगण फक्त पाण्याचं. अर्धा मिनिट कोरडा फिरला तरी पात्यांच्या कडा जळतात. मी उघडलेल्या जळक्या इम्पेलरांपैकी निम्मे तरी समुद्रात नव्हे, फ्लश करताना गेलेले आहेत. पाइप जाड घ्या आणि इंजिन बंद होईपर्यंत जागचे हलू नका.

५. स्टिअरिंगचा कूलर, आणि हरवलेली पाती

इथे थोडा वेळ घालवणार आहे, कारण रोग परत परत येतो तो इथून.

पॉवर स्टिअरिंगचा कूलर म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूला, वीतभर लांबीची धातूची नळी. दोन्ही टोकांना जाड रबरी पाइप, शिवाय ऑइलच्या दोन बारीक नळ्या. तिच्या आत पाण्यासाठी बारीक नळ्यांचा जुडगा असतो. लेगमधून आलेल्या पाण्याच्या वाटेतली ही पहिली अरुंद जागा. पुढे काहीही वाहून आलं की इथे अडकतं: शेवाळ, शिंपल्यांचा भुगा, आणि इम्पेलरची तुटलेली पाती.

गेल्या हंगामात अलिबागच्या बाजूला एका बोटीवर गेलो. तीन वर्षांत तीन इम्पेलर झाले होते, दर वेळी पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तापणं. मी लेगला हातच लावला नाही. कूलरचा लेगकडून येणारा पाइप सैल केला, क्लॅम्प गंजून चिकटलेला, तो कापला. पाइप सुटला आणि चमचाभर काळं पाणी आलं. आत टॉर्च मारली तर नळ्यांची भोकं दिसेनात. लांब चोचीच्या पकडीने ओढायला लागलो. पहिलं पातं निघालं, चिंचोक्याएवढं, एका बाजूने जळून चकचकीत झालेलं. मग दुसरं. मग एक आडवं चेपलेलं, त्याच्या मागे शेवाळाची गादी. तळहातावर पाच तुकडे जमले, आणि ते एकाच इम्पेलरचे नव्हते. तुकडे दोन वेगळ्या रबरांचे होते. शेठ बघत होते. म्हणाले, "म्हणजे हे तीन वर्षं इथेच होतं?"

काम कठीण नाही. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूचा पाइप काढा आणि कचरा त्याच बाजूने बाहेर ओढा. मग दुसऱ्या बाजूचा पाइप काढून तिकडून उलटं पाणी मारा. सळईने पुढे ढकलायचा मोह होतो, करू नका. कूलरमधून सुटलेला तुकडा थर्मोस्टॅटच्या घरात जाऊन बसतो आणि तुम्हाला पुढचं काम देतो. ऑइलच्या बारीक नळ्यांना हात लावायची गरज नाही. त्या सोडल्यात तर स्टिअरिंगमध्ये हवा शिरेल.

क्लॅम्प नवे टाका, स्टेनलेसचे.

६. थर्मोस्टॅट

हात लावायच्या परीक्षेत एल्बो थंड आणि इंजिन गरम निघालं असेल तर हा पहिला संशयित. घराचे दोन बोल्ट काढले की तो हातात येतो. घरातला कचराही तेव्हाच बघून घ्या.

तपासणी चुलीवर. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवलेला, तळाला न टेकता, शेजारी थर्मामीटर. अंगावर आकडा कोरलेला असतो, १४३ किंवा १६० फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ६२ किंवा ७१ सेल्सिअस. त्या आकड्याच्या आसपास झडप उघडायला लागली पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. अर्धवट उघडली तर फेका. (पातेलं नंतर चहाला वापरायचं नाही. आमच्या घरी हा नियम एका प्रसंगानंतर झाला.)

मोटारीच्या दुकानातला थर्मोस्टॅट टाकू नका. तो जास्त तापमानाला उघडतो. गोड्या पाण्यावर चालणाऱ्या गाडीला ते चालतं. खारं पाणी तेवढं तापलं की त्यातले क्षार ब्लॉकच्या भिंतींवर थर धरतात, आणि वाटा कायमच्या अरुंद होतात. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा हा दुसरा जुगाड. काटा खाली राहतो, मालक खूश. इंजिन गार चालतं, पेट्रोल नीट जळत नाही, ऑइल पातळ होतं, आणि तुंबलेली वाट तशीच तुंबलेली राहते, फक्त दिसत नाही.

इथेच फ्लशिंगबद्दल. प्रत्येक फेरीनंतर गोडं पाणी सोडता ना? थर्मोस्टॅट उघडेपर्यंत सोडता का? इंजिन थंड असताना पाच मिनिटं पाणी मारलं तर ते फक्त मॅनिफोल्ड धुऊन बाहेर पडतं. ब्लॉकमध्ये समुद्र तसाच. काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत चालवा, त्यानंतर दहा मिनिटं.

७. ब्लॉकमधला गाळ

रेवस-करंजाच्या बाजूला, धरमतरच्या खाडीत फिरणाऱ्या बोटींनी हे आवर्जून करावं. तिथलं पाणी म्हणजे पातळ चिखल, आणि तो ब्लॉकच्या तळाला बसतो. इंजिन गार असताना ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढा. पाणी धो-धो आलं पाहिजे. थेंबभर आलं किंवा आलंच नाही तर भोकात तार घालून ढवळा. राखाडी लगदा येईल, मग पाणी. एका बोटीतून मी चहाच्या कपभर गाळ काढलाय, आणि त्यानंतर काटा एकदम जागेवर आला. प्लगांना सीलंट लावून बसवायला विसरू नका. विसरलात तर पुढच्या वेळी बोटीच्या तळात पाणी भरेल.

८. इम्पेलर

आतापर्यंतचं सगळं करून झालं असेल आणि पाणी अजून कमीच असेल तर लेग खोला. हे काम घरी होतं, पण पहिल्यांदा करताना अख्खा दिवस धरा.

पाने इंचातले लागतात. लेगच्या नटांना पाच सुती सॉकेट. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नट गोल करतो. अल्फामध्ये गिअर फॉरवर्डमध्ये टाकून मगच खोलायला घ्या. गिअर ऑइल आधी काढा, कारण वरच्या आणि खालच्या भागाचं ऑइल एकच. ते दुधाळ निघालं तर सीलचं वेगळं काम आहे. खालचा भाग सुटत नाही म्हणून हातोडा घ्यायच्या आधी ट्रिम टॅब बघा. प्रोपेलरच्या वर, मागच्या बाजूला तो छोटा पंख. त्याची जागा मार्करने आखून घ्या, मग काढा. त्याच्या खळग्यात आत एक बोल्ट लपलेला असतो. हा राहिला म्हणून पहारीने लेग फोडलेले लोक आहेत.

इम्पेलर बाहेर आला की टेबलावर ठेवा आणि पाती मोजा. सहाची जागा असेल आणि पाच निघाली, तर सहावं पातं कुठेतरी पुढे बसलंय आणि ते सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. पंपाचं घर, वर जाणारी नळी, मग कूलर, मग थर्मोस्टॅट. लेग खाली आहे तोवर कूलरकडच्या पाइपातून उलटं पाणी सोडा. ते वरच्या भागातून पूर्ण धारेने खाली पडलं पाहिजे. धार बारीक असेल तर ट्रान्समजवळचा वळणाचा पाइप चेमटलाय किंवा पातं तिथे आहे.

पाती सगळी असली तरी बघा: एका बाजूला दुमडून तशीच राहिलीत का? पावसाळ्यात चार महिने इम्पेलर त्याच एका स्थितीत दाबून बसतो, रबर वाकतं ते सरळ होत नाही. म्हणून मी इम्पेलर मेमध्ये न बदलता ऑगस्टमध्ये, बोट पाण्यात उतरायच्या आधी बदलतो. मेमध्ये नवा टाकलात तर निम्मं आयुष्य ताडपत्रीखाली गेलं.

नुसता इम्पेलर घेऊ नका, पूर्ण किट घ्या. पंपाच्या घरातली स्टेनलेसची वाटी आणि खालची प्लेट यांवर रेतीने चरे पडतात. नखाला चरा लागला की नवा इम्पेलरही पाणी सोडतो. एकदा कोरडं चाललेलं प्लास्टिकचं घर वितळून वाकडं होतं, ते डोळ्यांना पटकन दिसत नाही. बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत घर खाली दाबा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. ग्रीस नको, काही ग्रीस रबर फुगवतात.

९. मॅनिफोल्ड आणि एल्बो

एकच बाजू तापते आणि त्या बाजूला पाणी घेऊन जाणारा पाइप मोकळा आहे, म्हणजे आतून गंज. खाऱ्या पाण्यावर चालणारे ओतीव लोखंडी एल्बो माझ्या अनुभवात पाच-सहा हंगामांपुढे भरवशाचे राहत नाहीत. आतून पापुद्रे सुटतात आणि पाण्याची भोकं बंद करतात. ॲसिडने धुऊन आणखी एक वर्ष काढायचा सल्ला मिळेल, मी देत नाही. गंजलेली भिंत ॲसिडने आणखी पातळ होते, आणि ती भिंत फुटली की पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम.

ब्राव्हो आणि व्होल्वोवाल्यांसाठी

समुद्राच्या पाण्याचा पंप तुमच्याकडे लेगमध्ये नसून इंजिनावर असतो, त्यामुळे इम्पेलर बदलणं सोपं, लेग खोलावा लागत नाही. पण पंप पाणी ओढतो, त्यामुळे त्याच्या आधीच्या वाटेत कुठेही फट असली की पाण्याऐवजी हवा येते आणि पाण्याचा एक थेंबही बाहेर गळताना दिसत नाही. गाळणीच्या झाकणाचं रबर आणि पाइपांचे क्लॅम्प आधी बघा. पात्यांचा हिशेब इथेही तोच. कूलंटचं इंजिन असेल तर तुकडे हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी सापडतात. त्याचं प्रेशर कॅप इंजिन गरम असताना उघडू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिन पुन्हा चालू करू नका, "जेटीपर्यंत नेतो" म्हणूनसुद्धा नाही.

स्टार्टर मारल्यावर "टक" होऊन इंजिन अडलं तर दुसऱ्यांदा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढून बघावं लागतं, ते माहीतगाराने.

काटा लाल भागात चार-पाच मिनिटं राहिला असेल तर पाणी परत सुरू झालं तरी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. हेड गॅस्केट गेलं असेल तर वरच्या नऊ तपासण्यांपैकी एकीचाही उपयोग नाही. शिवाय एक्झॉस्टमधली रबरी झडप आणि बेलोज (बोट आणि लेग यांच्यामधले रबरी भाते) जळलेत का तेही तपासायला सांगा. बेलोज फाटला तर पुढची तक्रार बोटीत पाणी शिरल्याची असेल.

मॅनिफोल्डचे बोल्ट गंजून फिरत नसतील तर जोर लावू नका. हेडमध्ये मोडलेला बोल्ट काढायचं काम मॅनिफोल्डपेक्षा महाग पडतं. खालचा लेग परत बसवताना गिअर पडत नसेल, तर दाबून नट आवळू नका. शिफ्ट शाफ्ट (गिअर बदलणारा दांडा) जुळलेला नाही.

मिस्त्री आला की त्याला जुना इम्पेलर दाखवा. फेकला असेल तर निदान पाती किती होती ते सांगा. आणि त्याने नवा टाकून बिल पुढे केलं, तर जुन्याची पाती त्याच्यासमोरच मोजा.